काचेवरची

आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर, वरच्या पट्टीत तीन नावं आहेत. मधोमध रेणुकामाता, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ. आईचं का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. ‘तिचं आरसी बुकात आहे,’ अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. खरंच आहे. गाडी आईच्या नावावर, आणि कर्जही.

गाडी म्हणजे ट्रक. ड्रायव्हरच्या घरात ट्रकला ट्रक कुणी म्हणत नाही. आमची दहा टायरची, २०१६ची, जुनीच घेतलेली. चांदवडला कांदा भरायचा, दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवायचा, येताना मिळेल तो माल घेऊन परतायचं. आठ-नऊ दिवसांची एक फेरी. मग अण्णा घरी येतात, अंघोळ करतात, जेवतात आणि झोपतात. ‘वाटेत काय झालं?’ विचारलं तर ‘काय व्हायचंय? रस्ता.’ बावीस वर्षं त्यांनी या एका शब्दात गुंडाळून ठेवली आहेत. माझी दहावीची मार्कशीट हातात घेऊन नुसतं ‘बरंय’ म्हणाले होते. त्यावर मी दोन दिवस रुसले होते.

यंदा एस.वाय.ची परीक्षा संपली आणि मी हट्ट धरला. बी.ए.ला माझा भूगोल आहे, नकाशावरचा आग्रा रोड एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आई म्हणाली, ‘पोरीच्या जातीनं गाडीवर जायचं? अंघोळ कुठं, बाकीचं कुठं?’ अण्णा म्हणाले, ‘बघतो.’ पुढचे दोन दिवस ते ओट्यावर बसून सारखे फोनवर. मला वाटलं, भाड्याचं चाललंय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बॅग भर. ओढणी सुती घे.’

पहिला दिवस

दुपारी खळ्यावर. कांदा व्यापाऱ्याच्या जागेला आमच्याकडे खळंच म्हणतात. पत्र्याच्या शेडखाली बायका ढिगाभोवती बसून निवड करत होत्या. मोठा सुपर एकीकडे, बारीक गोलटी दुसरीकडे, जोड आणि सडका बाहेर. गोणी भरली की तोलायची आणि दाभणात सुतळी ओवून तिचं तोंड शिवायचं. मे महिन्यातला हा उन्हाळ कांदा, दमाचा. लाल कांदा असला की अण्णांचा चेहराच वेगळा असतो, तो फार दिवस वाट बघत नाही.

पन्नास किलोच्या ३६० गोण्या, म्हणजे १८ टन. हमाल थर लावत होते आणि अण्णा हौद्यात उभे राहून एकेक गोणी कशी बसते ते बघत होते. मधे हवेला फट राहायला हवी. ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. चारी बाजूंनी झाकला तर कांदा आतल्या आत गरम होतो आणि दिल्लीला पोचेपर्यंत वास सुटतो. रस्सा आवळता आवळता अण्णांची चौकशी चालू होती. याच्या लेकीचं बाळंतपण कुठवर आलं, त्याच्या विहिरीला पाणी लागलं का, तिसऱ्याचा मेहुणा परत आला का. एवढं बोलणारा माणूस मी आमच्या घरात पाहिला नव्हता.

काट्यावर वजन झालं. दहा टायरला मालासकट साडेअठ्ठावीस टन चालतात, २०१८च्या आधी २५ चालायचे. आमची गाडी त्याच्या आत होती. निघण्याआधी अण्णांनी टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेतली आणि दहाही टायरांवर एकेक ठोका मारला. हवा पुरेशी असली की टायर टणक वाजतो, कमी असली की भद्द. ते एका कानाने ठोका ऐकत होते आणि दुसऱ्या कानाने आईचं, की पोरीला पुढच्या दाराशी बसवू नका.

रात्री नऊला निघालो. रेणुकामातेच्या पायथ्याशी हॉर्न, हात छातीला, आणि राहुड घाट. कागदावर हा रस्ता चार तुकड्यांचा आहे: धुळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६०, तिथून ब्यावऱ्यापर्यंत ५२, ग्वाल्हेरपर्यंत ४६ आणि पुढे ४४. ड्रायव्हरांना हे आकडे लागत नाहीत. मुंबईपासून पार टोकापर्यंत तो आग्रा रोड.

केबिनमध्ये इंजिनाची धग पायाखालून वर येते. १ ऑक्टोबर २०२५नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. आमच्या केबिनला छोटा पंखा आहे, तो अण्णांनी माझ्याकडे वळवून दिला. मालेगाव, झोडगे, लळिंगचा किल्ला अंधारात, धुळे. सावळद्याला तापी ओलांडली तेव्हा मी पेंगत होते.

एकच्या सुमारास शिरपूरजवळच्या धाब्यावर थांबलो. अण्णांनी ओळख करून दिली, ‘ही माझी मुलगी.’ पाण्याचा जग घेऊन आलेला पोरगा थबकला. ‘हीच का नव्वद टक्केवाली?’

मला दहावीला त्र्याऐंशी होते. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाटेची नवार सैल झाली आहे का ते तपासत होते.

दुसरा दिवस

पहाटे पाचला सुटलो. पळासनेर, हद्द, आणि बिजासनचा घाट. देवीच्या देवळापाशी प्रत्येक गाडी मंदावते. अण्णांनी उतरून नारळ फोडला, अर्धा तिथल्या एका म्हाताऱ्याला दिला, त्याच्याशी दहा मिनिटं बोलले. परत आल्यावर म्हणाले, ‘त्याचा मुलगाही गाडीवर होता.’ होता म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

सेंधवा, जुलवानिया, खलघाट. नर्मदेवर अण्णांनी माझ्या हातात एक रुपया दिला आणि गाडी कडेला घेतली. खाली पात्र रुंद, पाणी संथ. रुपया पडल्याचा आवाज काही आला नाही.

धामनोदच्या पुढे गणपती घाट. इंदूरकडून उतरताना ब्रेक जाऊन इथं किती गाड्या जळाल्या, याच्या बातम्या आम्ही घरी वर्षानुवर्षं ऐकत आलो. बातमी लागली की आई अण्णांना फोन करायची आणि ते उचलेपर्यंत उभीच राहायची. आम्ही चढत होतो, त्यामुळे भीती नव्हती, फक्त उशीर होता. दुसऱ्या गियरात, माणूस चालत पुढे जाईल अशा चालीने. अण्णांचा उजवा पाय तासभर एकाच कोनात. एरवी ते काही ना काही गुणगुणतात, इथं गप्प. डॅशबोर्डवरचे काटे बघत होते, आणि कान इंजिनाकडे.

वर मानपूरला आल्यावर मी बोलायला लागले. नकाशावर हा चढ म्हणजे विंध्याचा कडा. खालची नर्मदा पश्चिमेला अरबी समुद्रात जाते. आता आपण माळव्याच्या पठारावर आहोत, इथलं पाणी उत्तरेला. तो बाजूला महूकडचा जानापावचा डोंगर आहे ना, तिथं चंबळ उगम पावते. मग यमुना, गंगा, थेट बंगालचा उपसागर. आणि परवा आपण तीच चंबळ धौलपूरच्या अलीकडे ओलांडणार.

‘तीच?’

‘तीच.’

अण्णांनी आरशातून मागं पाहिलं. ‘बावीस वर्षं या डोंगराखालून जातोय.’ मग बऱ्याच वेळाने, ‘तीच म्हणतेस?’

इंदूरच्या बायपासला माझा वैताग सुरू झाला. मला थांबायचं होतं. रस्त्यावर एकाहून एक चकाचक पेट्रोलपंप होते, आणि अण्णा ते सोडून पुढं चालले होते. ‘अण्णा, हा बघा ना.’ ‘पुढं आहे.’ देवासच्या पुढं एका जुनाट पंपावर गाडी घातली. आधी स्वतः जाऊन आले, मग म्हणाले, ‘जा.’ आत बादली, पाणी, कडी, सगळं होतं. पण मी त्या रागात नीट पाहिलंच नाही. ट्रकवाल्यांच्या खोडी, दुसरं काय.

रात्री शाजापूरला मुक्काम. इथून जवळूनच कर्कवृत्त जातं. तेही मी सांगितलं, पण अण्णा तोवर झोपले होते. मी मोबाईलवर वाचत होते की २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीसच काम होतं. सकाळी सांगितलं तर म्हणाले, ‘अर्ज कुणाकडं करू, तुझ्या आईकडं?’ तो कायदा तसाही पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता. आमच्याकडे कामगार एक, आणि मालकीण आई. क्लीनर मिळेनासे झाल्यापासून तर किल्लीपासून टॉमीपर्यंत सगळं त्यांच्याकडेच.

तिसरा दिवस

सारंगपूरच्या पुढे, सकाळी दहालाच रस्ता तव्यासारखा, आणि मागं तोफ सुटल्यासारखा आवाज. बाहेरच्या बाजूचा टायर. चिंध्या शंभर फूट मागंपर्यंत पडलेल्या. स्टेपनी होती, पण जॅकने ऐनवेळी दम सोडला, दोन इंच उचलायचा आणि बसायचा. अण्णा आडवे पडून त्याच्याशी झगडत होते आणि मी ओढणी डोक्यावर घेऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होते.

एक बारा टायरची गाडी थांबली. पाटी तमिळनाडूची, नामक्कलची. लुंगी वर दुमडलेला ड्रायव्हर उतरला आणि लांबूनच हाक मारली, ‘अण्णा!’

मला वाटलं, ओळखीचाच. तमिळमध्ये थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, हे मला नंतर कळलं. खरं तर त्या क्षणापर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. याला हिंदी चार शब्द, त्यांना तमिळ शून्य. पण जॅक आला, पाना आला. नट घट्ट बसले होते, म्हणून पान्याला पाइप जोडून दोघं त्यावर उभे राहिले. पाऊण तासात टायर बदलला, आणि त्या पाऊण तासात त्यांना एकमेकांची मुलं किती, कितवीत, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं कळलं. बोटांनी. त्याने काचेवरच्या नावाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. अण्णांनी मान हलवली. त्याने खिशातून फोन काढून आपल्या मुलीचा फोटो मला दाखवला, शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्या. आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी अण्णांनी त्याला दिली, ती माझ्या वाट्याची होती हे नमूद करून ठेवते.

जेवायला ब्यावरा. गाडी धाब्याच्या आवारात वळली तशी आतून एक बाई पदराला हात पुसत आल्या, काचेकडे पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘यही है क्या, शीशेवाली?’

मग त्या मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तव्याशेजारी पाटावर बसवलं. भाऊ अजून रात्री दिवा लावून झोपतो का? आत्याच्या जमिनीचं काय झालं? मला चष्मा लागला होता, नंबर वाढला की थांबला? आणि मम्मीचा गुडघा? थंडीत फारच दुखत होता ना? मी उत्तरं देत होते आणि माझा घास हातातच राहत होता. आमच्या घरापासून पाचशेहून जास्त किलोमीटर लांब बसलेल्या या बाईला आमच्या घरात कोणत्या खोलीत पावसाचं पाणी गळतं हेही ठाऊक होतं. आम्हाला हा धाबा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. निघताना त्यांनी औषधाच्या जुन्या बाटलीत तेल भरून दिलं, वर कागदाचं बूच. घरी कढवलेलं, गुडघ्यासाठी. दोन वेळा, कोमट करून.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, ‘अण्णा, सगळं सांगता तुम्ही?’

‘रात्री जेवताना माणूस काय बोलणार? डिझेलचा भाव?’

‘आणि नव्वद टक्के?’

‘आता एकदा तोंडातून गेलं ते गेलं.’

गुन्याला पंपावर थांबलो. तोच प्रकार, चांगले दोन पंप सोडून तिसऱ्यावर. पण या वेळी कामावरचा पोरगा किल्ली घेऊन माझ्यापुढं चालत गेला आणि कुलूप काढलं. दार जुनं, खालून सडलेलं, हिरवा रंग पोपडे धरलेला. त्याच्यावर आतल्या बाजूनं नवी कोरी कडी. चार स्क्रू लखलखीत. भोकं पाडताना निघालेला लाकडाचा भुसा अजून उंबऱ्यात होता.

‘पापाजी का फोन आया था,’ पोरगा म्हणाला. ‘कुंडी टूटी थी। बोले, बिटिया आ रही है, लगवा दो।’

ओट्यावरचे ते दोन दिवसांचे फोन. शिरपूर, सेंधवा, देवास, शाजापूर, गुना, शिवपुरी, मुरैना. कुठल्या पंपावर पाणी आहे, कुठं दिवा आहे, कुठं कडी लागते. बाराशे किलोमीटरचा हा नकाशा आमच्या कॉलेजात कुणी काढलेला नाही.

मी बाहेर आले तेव्हा अण्णा पंपाच्या म्हाताऱ्या वॉचमनशी बोलत होते. मी काही बोलले नाही. तेही नाही. शिवपुरीपर्यंत मी पंखा त्यांच्याकडे वळवून ठेवला.

चौथा दिवस

ग्वाल्हेरचं ऊन लिहून सांगण्यासारखं नाही. काच खाली घेतली तर लू, वर केली तर भट्टी. ओला टॉवेल पाच मिनिटांत कडक. काळी माती केव्हाच मागं पडली होती, सगळं पिवळट. मुरैन्याच्या पुढं जमीन अचानक फाटल्यासारखी झाली, दोन्ही बाजूंना मातीच्या घळीच घळी, आणि मग चंबळ. ही ओलांडली की राजस्थान. पाणी इतकं स्वच्छ असेल असं वाटलं नव्हतं. सुसरी दिसतील म्हणून मी डोळे ताणून बघत होते, एकही दिसली नाही.

त्याआधी मुरैन्याला चहाला थांबलो, तेव्हा अण्णा चार ड्रायव्हरांच्या मधे उभं राहून सांगत होते, ‘ये चंबल है ना, ये अपने इंदूर के पहले, मानपूर के बाजू में निकलती है। मेरी बेटी बोलती है।’ एक सरदारजी मानायलाच तयार नव्हते. अण्णांनी मला हाक मारली, ‘सांग गं यांना.’ मी फोनवर नकाशा काढून बोटाने नदी दाखवत गेले, आणि चार जण माना वाकवून बघत होते. तोंडी परीक्षेला माझी एवढी धांदल उडाली नव्हती.

आग्रा बाहेरूनच गेलं. ताजमहाल अण्णांनी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. ‘तिथं दहा टायर लावायला जागा कुठं आहे?’

पलवलहून शहराला वळसा घालून कुंडलीवरून दिल्लीत शिरलो आणि रात्री दोनला मंडीच्या रांगेत लागलो. अण्णांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिसऱ्या श्वासाला झोपले. रांग हलली की मी त्यांना उठवायचे.

पाचवा दिवस

आझादपूरबद्दल मी काय सांगणार, मला तिथं फक्त पाय दिसले. गोण्यांखालून चालणारे, पळणारे, चिखलात घसरणारे, सावरणारे. हमाल बहुतेक बिहारकडचे. ताडपत्री निघाली, कांदा कोरडा, खणखणीत. अण्णांनी एक गोणी नाकाशी धरून हुंगली आणि पहिल्यांदा हसले.

पण पावतीच्या वेळी वाजलं. घट थोडी जास्त आली आणि चार गोण्या फाटलेल्या निघाल्या. माल घेणाऱ्याच्या माणसाने दोन्हीचे पैसे भाड्यातून कापले. कांदा वाटेत सुकतो, वजन उतरतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे, तरी दर वेळी ड्रायव्हरला ते नव्याने सिद्ध करावं लागतं. अण्णांनी आवाज चढवला नाही. नुसते तिथंच उभे राहिले. मग एक म्हातारा हमाल पुढं झाला आणि म्हणाला की गोण्या उतरवताना आमच्याच हुकाने फाटल्या. गोण्यांचे पैसे परत मिळाले, घटीचे नाही. त्या हमालाने खोटं बोलून स्वतःवर घेतलं का, हे मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, ‘त्याच्या नातवाचं नाव मी ठेवलंय.’ हे काही उत्तर नव्हतं.

सहा ते नऊ

एक दिवस भाड्याची वाट बघण्यात गेला. ट्रान्सपोर्टच्या गल्लीत गाडी लावून बसायचं, फोन करायचे, चहा प्यायचा. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटी आग्ऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमधून नाशिकसाठी बटाटा मिळाला. कांदा न्यायचा, बटाटा आणायचा. भाजीपुरता संसार या एका गाडीवर चालतो, असं अण्णांचं म्हणणं आहे.

येताना विंध्याचा तोच कडा उतरायचा होता. वर मानपूरला थांबून अण्णांनी पुन्हा दहा टायर वाजवले, ब्रेकच्या ड्रमला हात लावून पाहिला. ज्या गियरात चढलो त्याच गियरात उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, नाहीतर लायनर तापून पकडच सोडतात. आईचा फोन आला तो मी उचलला. ‘घाटात आहात का?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘नाही, जेवतोय.’ अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. हे खोटं त्यांच्या ओळखीचं असावं.

नाशिकला बटाटा उतरवून नवव्या दिवशी संध्याकाळी घरी. अण्णांनी अंघोळ केली. भावाने विचारलं, ‘काय काय झालं?’

‘काय व्हायचंय? रस्ता.’

मी बॅगेतून तेलाची बाटली काढून आईसमोर ठेवली. गुडघ्याला, दोन वेळा, कोमट करून.

‘कुणी दिलं?’

‘ब्यावऱ्याच्या धाब्यावरच्या बाईंनी.’

आईने बाटली उजेडात धरून पाहिली. बूच काढून वास घेतला. मग सावकाश म्हणाली, ‘आणि तिला माझ्या गुडघ्याचं कुणी सांगितलं?’

बाहेरून टॉमीचा ठोका ऐकू आला. मग दुसरा. घरी येऊन अर्धा तास झाला होता, गाडी रिकामी होती, पण अण्णा टायर वाजवत होते.